तुझं तू ठरव

२९ जून
वैजू सकाळच्या एस.टी.ने लातूरला परत गेली. ती शिकवते ती शाळा सुरू झाली, किती दिवस बापापाशी बसणार. जाताना स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या डकवून गेली. तिखट. मीठ. हळद. साखरेच्या डब्यावर नुसतं "कमी".

गाडीत बसल्यावर खिडकीतून म्हणाली, "अप्पा, मला आईचा अजून राग येतोय. काय अडलं होतं? गळ्यातला एक दोरा काढायचा होता. एवढा हट्ट कावून करायचा माणसानं?"

मी म्हणालो, "सांभाळून जा."

दिंद्रुडच्या स्टँडवर गाडी वळून दिसेनाशी झाली तरी मी तिथेच. लेकीचा राग भलत्याच पत्त्यावर चालला आहे, हे मला ठाऊक होतं. खरा पत्ता मी सांगू शकत होतो. तरी "सांभाळून जा".

३० जून
पूर्वेच्या भिंतीशी दोन आसनं आहेत. डावीकडचं सुशीलाचं. लग्न झाल्यापासून सकाळी आम्ही शेजारी शेजारी बसायचो. गळ्यातल्या डबीतून इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी, विभूती, बेल. ती आधी उठायची म्हणून बेलपानं तीच धुवायची. मी मध्येच एखादा मुद्दा सुचला की डोळे उघडून बोलायला लागायचो. ती डोळे न उघडता म्हणायची, "भाषण मला नका देऊ, तांब्या द्या."

आज तिचं आसन गुंडाळलं. दुपारी परत अंथरलं.

२ जुलै
नांदूरघाटचा मन्मथ आला. कापडाचं दुकान आहे त्याचं, समाजाच्या मंडळाचा अध्यक्ष. वीस वर्षांपूर्वी माझं भाषण ऐकून गळ्यात परत लिंग घातलं, तेव्हापासून मला मानतो. बरोबर मंडळातले दोघे. चहा मीच केला. कोणी दुसरा कप मागितला नाही.

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी मेळावा आहे. मन्मथ म्हणाला, "अप्पा, औंदा दुसरा वक्ताच न्हाई. तुमीच. अन् विषय बी ठरलाय. माउलीनं प्राण दिला पण लिंग सोडलं न्हाई. हे तुमच्या तोंडून ऐकायचंय लोकायला. बोर्ड छापायला टाकलेत."

"बोर्ड?"

"काकूच्या फोटोचे. वर लिहिलंय, लिंगनिष्ठ माउली."

सुशीला फोटोला कधी सरळ उभी राहिली नाही. कायम कोणाच्या तरी खांद्याआडून. आता म्हणे चौकात लागणार.

मी "नको" म्हणालो नाही. "बघू" म्हणालो. मन्मथने ते "हो" धरलं. मला ओळखतो तो.

४ जुलै
इथे तरी लिहून काढतो.

चार-पाच दिवस तिचं पोट दुखत होतं, ओवा खाऊन लपवत राहिली. उलट्या थांबेनात तेव्हा शेजारच्या रशीदभाईंनी त्यांच्या जीपमधून बीडला नेलं. डॉक्टर म्हणाले, आतड्याला पीळ पडलाय, आत्ताच पोट उघडावं लागेल. आत न्यायच्या आधी नर्स म्हणाली, "मावशी, अंगावरचं सगळं काढून नातेवाइकांच्या हातात द्या."

मंगळसूत्र तिने स्वतः काढून दिलं. जोडवी दिली. हिरव्या बांगड्या फोडू नका म्हणाली, साबण लावून एकेक उतरवली. मग हात छातीवरच्या चांदीच्या डबीवर गेला आणि तिथे थांबला.

मन्मथ बीडला माल घ्यायला आला होता, बातमी कळताच मंडळातल्या चौघांना घेऊन दवाखान्यात. ते दाराशी. मी खाटेपाशी.

तिने माझ्याकडे पाहिलं. हळूच, फक्त मला ऐकू जाईल असं: "काढू का हो?"

तीस वर्षं मी गावोगाव सांगत आलो: "लिंग हा दागिना नाही, श्वास आहे. आपला श्वास कोणी काढून दुसऱ्याच्या हातात देतो का?" या वाक्यावर टाळी ठरलेली. चकलांब्यापासून उदगीरपर्यंत ठरलेली. सुशीला बायकांमध्ये तिसऱ्या रांगेत बसून हे वाक्य शेकडो वेळा ऐकत आली. नर्सने नेमके तेच शब्द वापरले. नातेवाइकांच्या हातात द्या.

मी म्हणालो, "तुझं तू ठरव."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग दाराशी उभ्या असलेल्या त्या पाच जणांकडे. मग मोठ्याने म्हणाली, "उद्या सकाळी पूजा झाली की काढते. तवर ऱ्हाऊ द्या."

डॉक्टर चिडले. थांबण्यात धोका आहे म्हणाले. आमच्या जबाबदारीवर थांबतो, असं लिहून मागितलं. सही मी केली. ठसठशीत करतो मी सही.

पहाटे रक्तदाब घसरला. पूजा झाली नाही, ऑपरेशनही नाही. भूल देण्यासारखी अवस्था नाही म्हणाले. दुपारी गेली. डबी गळ्यात.

तुझं तू ठरव. ऐकायला किती उदार. बाईला तिचा निर्णय घेऊ द्यावा यावर मी दोन-दोन तास बोललो आहे. पण ती निर्णय मागत नव्हती. वाट मागत होती. आणि मला दाराशी उभे असलेले पाच जण दिसत होते.

७ जुलै
आज तळहातावर लिंग घेतलं. पाणी घातलं. नजर लावून बसलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याचं वजन जाणवलं. काळं, गुळगुळीत, जांभळाएवढं. बाकी काही नाही. डबीत ठेवून दिलं.

पूजेशिवाय तोंडात पाणी घालायचं नाही, हा सातव्या वर्षापासूनचा नेम. तापात पाळला, प्रवासात पाळला. एकदा बसस्टँडच्या पत्र्याखाली, भर पावसात पाळला आणि पुढे त्या प्रसंगावर भाषण दिलं.

आज दहाच्या सुमाराला पिठलं केलं. भाकरी काल शेजारून आलेली. तव्यावर गरम करून खाल्ली. वाटलं होतं घास फिरेल. फिरला नाही. पिठलं बरं झालं होतं. मिरची कडक, लसूण नीट तळलेला. दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

त्याचंच वाईट वाटलं. निदान चव जायला हवी होती.

१० जुलै
रशीदभाई गॅरेज बंद करून आले. केळी आणली. पंख्याकडे पाहत म्हणाले, "अप्पा, तुम्हारी आरती की आवाज नै आती आजकल."

मी म्हणालो, "बंद आहे."

"नाराज हो क्या ऊपरवालेसे?"

"माहीत नाही."

"मेरी तो लडका गया तबसे बोलचाल बंदच है. जुम्मे को जाता, बैठता, आता. बोलता नै." केळ सोलून माझ्या हातात दिलं. "गॅरेज चल रा है. क्या करना."

इतकी वर्षं शेजारी. हे मला माहीत नव्हतं. मी फक्त त्यांच्या मुलाच्या मयतीत बोललो होतो. धीर या विषयावर. चांगलं बोललो असं सगळे म्हणाले होते.

जाताना दाराशी थांबले. "उस दिन भाभी कुछ पूछी थी ना तुमको? मैं जीप की चाबी लेने अंदर आया था. सुना नै. पर पूछी थी."

मी मान हलवली. त्यांनी पुढे विचारलं नाही. त्यापेक्षा विचारलं असतं तर बरं.

१५ जुलै
आणखी एक आहे. तेही लिहितो, नाहीतर अर्धंच कबूल केल्यासारखं होईल.

मला सवलत माहीत होती.

तिशीत मी मठात जायचो. तिथले वृद्ध स्वामी संधिवाताने वाकलेले, वाद घालायला मी उतावीळ. एकदा विचारलं, लिंग देहापासून क्षणभरही अलग होऊ नये म्हणता, मग आजाऱ्याने काय करायचं? स्वामी हसले. "घरच्या माणसाच्या तळहातावर ठेवायचं. हात म्हणजेही अंगच की रे."

केवढी साधी गोष्ट. मी ती कधीच व्यासपीठावर सांगितली नाही. विसरलो म्हणून नाही. "श्वास दुसऱ्याच्या हातात देतो का" या वाक्यानंतर ती सांगितली असती तर वाक्य पडलं असतं. आडव्या आलेल्या गोष्टी मी वगळतो. वक्त्याचं ते कसबच आहे असं शिष्यांना शिकवतही आलो.

सुशीलाला घरीसुद्धा सांगितली नव्हती. तिने माझ्याकडून फक्त भाषण ऐकलं.

खाटेपाशी माझा हात पुढेच होता. त्यात तिचं मंगळसूत्र होतं, बांगड्या होत्या. अजून जागा होती.

२० जुलै
मेळाव्याचं भाषण लिहायला बसलो. न लिहिण्यासाठी बसलो होतो खरं तर. दोन वाक्यं लिहून अडकेन आणि मन्मथला नकार कळवेन, असा बेत.

एका बैठकीत झालं. उत्तम झालं. सुरुवात बांगड्यांपासून, मग जोडवी, मग मंगळसूत्र, आणि मग "इथे तो हात थांबला". रिकाम्या घरात मोठ्याने वाचलं. आवाज आपोआप चढला. थांबायच्या जागी थांबलो, टाळीला जेवढा वेळ द्यायचा तेवढा दिला.

त्यात "काढू का हो" नाही. सोडून गेलं. हाताला सवय आहे.

मग स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. साखरेच्या डब्यावरची "कमी" ही चिठ्ठी वाचली. हसू आलं, मग बराच वेळ काहीच बरं वाटलं नाही.

कागद फाडले नाहीत. कपाटात आहेत. हेही लिहून ठेवतो.

२७ जुलै
वैजू आली. रविवार. दोघं समाधीवर गेलो. आमच्यात दहन नाही. बसवून, तळहातावर लिंग ठेवून मातीत देतात. तिच्या तळहातावर ते मीच ठेवलं होतं. अखेर हातात दिलं, पण तिच्याच.

माती बसली आहे. कडेला आघाडा उगवलाय. वैजूने तो उपटला आणि उपटता उपटता बोलायला लागली, आईशी. "झालं समाधान? लोकं बोर्ड लावायलेत तुझे. आमचं काय? सुट्टीला कुणाकडं यायचं मी?" चौथीच्या मुलांना रागावते तो आवाज.

मी सांगितलं. उभ्यानेच. तिने विचारलं होतं, काढू का म्हणून. मी म्हणालो, तुझं तू ठरव. आणि दाराशी मंडळाची माणसं होती. स्वामींचंही सांगितलं.

वैजूच्या हातात आघाडा तसाच.

"म्हंजे आईनं तुमाला इचारलं होतं."

"हो."

"अन् मी रोज तिला शिव्या घालायले."

मी काही तरी बोलणार होतो. तिने हात वर केला.

"तुमी कुठं गप बसलात का हो अप्पा आजवर? माझ्या लग्नात अर्धा तास बोललात, अक्षता हातात घेऊन माणसं ताटकळली. मयतीत बोलता. मुंजीला बोलावलं तर मुंजीच्या विरुद्ध बोलता. एकदाच गप बसायचं होतं तुमाला. तितंच बसलात."

चहासुद्धा न घेता दुपारच्या गाडीने गेली. स्टँडपर्यंत येऊ दिलं नाही.

२ ऑगस्ट
वैजू फोन उचलत नाही. जावई उचलतात. "बरी हाय, कामात हाय."

मन्मथने बोर्डाचा फोटो पाठवला. लग्नातल्या फोटोतून सुशीलाला कापून काढलंय. खांद्याच्या जागी कोणाच्या तरी फेट्याचा तुकडा राहून गेलाय. माझाच फेटा. मागे हिमालय.

तिने पाहिलं असतं तर म्हणाली असती, मला थंडी वाजंल की हो इथं.

६ ऑगस्ट
देवाविषयी काही ठरवता येत नाही. नाही म्हणावं तर इतक्या वर्षांची सकाळ उठून बसते. आहे म्हणावं तर विचारावंसं वाटतं, त्या रात्री तू काय करत होतास, तुझ्यासाठी एक बाई पोट धरून पहाटेची वाट बघत होती. उत्तर येत नाही. उत्तर यायचं असं मीच लोकांना सांगत होतो.

मग मनात येतं, तो गप बसला तर मी रागावतो. आणि मी?

एक गोष्ट मात्र कळेना. पूजा सोडली, नेम मोडला, पण डबी गळ्यातून काढलेली नाही. आंघोळीला जातानाही हात तिच्यावर जातो. विश्वास की भीती की नुसती सवय. व्यासपीठावर कोणी विचारलं असतं तर तिघांत फरक करून सांगितला असता.

१० ऑगस्ट
मन्मथचा फोन. सकाळी गाडी पाठवतो म्हणाला. "बाया लई येनारेत अप्पा. जरा डोळ्याला पानी आनणारं बोला."

लिहिलेले कागद कपाटातून काढले. पिशवीत घातले. परत काढले. शेवटी घातलेच.

११ ऑगस्ट, सोमवार
परत आलो. दिवेलागणीची वेळ.

मांडव भरलेला. मागे तिचा बोर्ड, हिमालयासकट. हार घातले. उभा राहिलो आणि नेहमीसारखी बायकांतली तिसरी रांग पाहिली. माझं लांबायला लागलं की सुशीला पदर उजव्या खांद्यावर ओढून घ्यायची. आता पुरे, अशी खूण. तिच्या जागी कोणी तरी लेकराला पाजत बसलेली.

कागद पिशवीतच राहिले. बांगड्यांपासून सुरुवात केली, ती सुटली नाही. जोडवी, मंगळसूत्र. मग म्हणालो, "इथे तिचा हात थांबला आणि तिने मला विचारलं, काढू का हो?"

मन्मथने मान वर केली.

सगळं सांगितलं. तुझं तू ठरव. सही. स्वामींची सवलत आणि ती मी का लपवली. म्हणालो, ही माउली धर्मासाठी मेली असं हा बोर्ड सांगतो. ती माझ्या वाक्यासाठी मेली. कदाचित ऑपरेशन होऊनही गेली असती, डॉक्टर म्हणतात सांगता येत नाही. पण तिने विचारलं होतं आणि मी तोंड फिरवलं होतं, एवढं मला सांगता येतं.

मागे खुर्च्या सरकल्याचा आवाज. दोघं-तिघं उठून गेले. माईक हातात आणि वाक्य नाही, असं कधी झालं नव्हतं.

तेव्हा बायकांमधून एक म्हातारी उठली. कपाळावर विभूती, डोळ्यांना जाड भिंग. "अप्पा, माझं परवा मोतीबिंदूचं हाय. केजला. त्ये बी सगळं काढा म्हनलेत. मी काय करू? काढू का?"

ओठांवर पहिलं आलं ते तेच. तुझं तू. खरंच आलं.

म्हणालो, "काढा आजी. घरच्याच्या तळहातावर ठेवा. हात म्हणजेही अंगच."

"घरी कोन हाय मला? लेक पुन्याला."

"मग माझ्या हातावर ठेवा. मी येतो."

मांडवात टाळ्या पडल्या. मोठ्या पडल्या. आणि मला त्या आवडल्या. इतकं सांगून झाल्यावर, तिच्या फोटोखाली उभं राहून, त्याही आवडल्या.

खाली उतरल्यावर मन्मथ जवळ आला. टाळ्या वाजवल्या नव्हत्या त्याने. "अप्पा, तुमचं ऐकून मी गळ्यात लिंग घातलं. माझा बाप मेला तवा बी मी असंच केलंतं. काढू दिलं न्हाई. मला काय सांगता आता?"

डोळे लाल. वाट पाहत उभा होता. गाडीत बसलो. गाडी मात्र त्याचीच.

१२ ऑगस्ट
सकाळी वैजूचा फोन. स्वतःहून.

"कुणीतरी भाषण टाकलंय ग्रुपवर. बघितलं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"त्या आजीच्या मोतीबिंदूला खरंच जाणार का? का भाषणापुरतंच?"

"जाणार. उद्या. रशीदभाईंना विचारलंय, ते नेतात."

"बघू." वर्गातली गडबड ऐकू येत होती. फोन ठेवेल असं वाटलं.

"मन्मथकाकाला फोन केलात का?"

"नाही. काय बोलू?"

"ते तुमचं तुमी ठरवा," ती म्हणाली. कोणते शब्द आपण वापरले ते तिला बोलल्यावर कळलं असावं. मला लगेच कळलं.

मग आवाज बदलून, थेट आईचा: "पूजा झाली?"

"न्हाई."

"जेवलात?"

"न्हाई."

"मग अप्पा, दोन्हीपैकी एक तरी करा." आणि फोन ठेवला.

आधी मन्मथला लावला. उचलला नाही. परत लावीन.

तांब्या भरून आणलाय. बेल नाही, रशीदभाईंच्या अंगणात झाड आहे पण आत्ता मागायला जाववत नाही. दोन्ही आसनं अंथरलेली आहेत. ज्या तळहातावर स्वतःचं टिकेना झालंय, त्यावर उद्या त्या आजीचं लिंग धरून ऑपरेशनच्या दाराबाहेर बसायचं आहे. डबी उघडली आहे. चुलीवर पिठलंही आहे, झाकून.

अजून कुठेच बसलो नाही.